पर्यावरण शिकवायचंय? मग आधी गावची विहीर मोजा

खेड्यातल्या शाळेत पर्यावरण शिकवायला हवं यावर कुणाचंच दुमत नाही, त्यामुळे त्यावर भांडण्यासारखंही काही नाही. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच सांगितलं होतं की हे शिक्षण सक्तीचं करा, २००३ ला परत एकदा सगळ्यांचे कान पिळले, मग २००४ मध्ये एनसीईआरटीने पहिली ते बारावीचा मॉडेल सिलॅबस तयार केला, आणि आज आपल्या महाराष्ट्रात तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे. विषय आहे, पुस्तक आहे, तासिका आहे, श्रेणीसुद्धा आहे. तरी दहावी झालेल्या पोराला विचारा की बाबा तुमच्या गावची विहीर मार्चमध्येच का आटते, तर तो बिनदिक्कत सांगतो, "ग्लोबल वॉर्मिंगमुळे."

हे उत्तर शंभर टक्के चूक म्हणता येत नाही आणि तीच तर गोची आहे. पेपरात त्याला मार्क मिळतात. पण त्या उत्तरातून ना त्या विहिरीचं काही कळतं, ना वरच्या अंगाला गेल्या पाच वर्षांत किती बोअर पाडले ते कळतं, ना ऊस किती वाढला ते. पोरगं हुशार आहे, वाचलेलं त्याच्या लक्षात आहे, फक्त त्याने वाचलेलं सगळं दुसरीकडचं आहे. अन्नसाखळी म्हटलं की गवत-हरीण-वाघ. आता ज्या गावात वाघ शेवटचा कधी दिसला ते आजोबांनाही आठवत नाही तिथे ज्वारी-उंदीर-धामण ही साखळी घ्यायला काय हरकत आहे? उंदराची बिळं बांधावर, धामण त्याच बांधावर, आणि तिला काठीने ठेचणारा चुलता पण तिथेच. साप मारला की उंदीर का वाढतात हे सांगायला आफ्रिकेचं सॅव्हाना लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की गावच्या शाळेने पर्यावरण शिकवणं थोडं कमी करावं आणि गावच्या निसर्गाची नोंद ठेवायचं काम अंगावर घ्यावं. दरवर्षी, त्याच जागी, ठरलेल्या तारखेला, आणि गावाला कामाला येईल अशी नोंद. शिकणं त्यातूनच होतं, आणि नुसत्या धड्यापेक्षा जास्त पक्कं होतं असं मी विज्ञान शिकवणारी बाई म्हणून छातीठोक सांगू शकते.

विहिरीपासूनच सुरू करू. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर बसलाय, म्हणजे लाव्हाचे थरावर थर. त्यात मुरूम पाणी धरतो, मांजऱ्या खडक (छिद्रांचा बेसाल्ट) कमी-जास्त धरतो, आणि कठीण काळा पाषाण फक्त भेगा असतील तिथेच पाणी देतो. म्हणून तर एकाची विहीर मे महिन्यातही चालते आणि दोनशे फुटांवरच्या शेजाऱ्याची होळीलाच तळ दाखवते. गावातल्या कुठल्याही विहीर खोदणाऱ्या माणसाला हे पाठ असतं, किती परसावर (माणसाच्या उंचीच्या मापाने किती खोल) काय लागलं ते तो न बघता सांगतो. पुस्तकातल्या चित्रात मात्र जमिनीखाली निळा पट्टा, जणू खाली तळंच भरलंय. पोरं ते चित्र काढतात, रंगवतात, आणि घरी गेल्यावर बाप तिसरा बोअर मारायचा विचार करत असतो कारण त्याच्याही डोक्यात तोच निळा पट्टा आहे.

सरकारकडे यावर डेटा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून हे काम करते, निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजते. पण राज्यातली गावं चाळीस हजारांच्या वर, आणि ज्या गावची विहीर त्यात येत नाही ती कुणीच मोजत नाही. ती शाळेने मोजावी. कठडा असलेली सार्वजनिक विहीर निवडायची, सोबत एक-दोन मोठी माणसं ठेवायची (पोरांना वाकू द्यायचं नाही, हे लिहायची गरज नसावी पण लिहितेय), टेपला वजन बांधून सोडायचं आणि आकडा लिहायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? करायला गेलं की पहिल्याच दिवशी वाद होतो. मोजायचं कुठून? कठड्यावरून की जमिनीपासून? कठडा परत बांधला तर? मग ऑइलपेंटने लाल खूण करावी लागते आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं लागतं की मोजमाप खुणेपासून. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, सकाळी मोटर चालू होती, पाणी खाली गेलंय, आत्ता मोजून काय उपयोग." अगदी बरोबर. मग ठरतं की मोटर बंद झाल्यावर किमान अमुक तासांनी मोजायचं. संदर्भबिंदू, मोजण्यात चूक कशामुळे होते, मोजमापाची वेळ सारखी ठेवणं, हे सगळं त्या भांडणात येऊन जातं आणि फळ्यावर व्याख्या लिहून कधीच येत नाही.

पावसाचंही तसंच. आपल्याकडे महावेध प्रकल्पाची हवामान केंद्रं आहेत, पण साधारण महसूल मंडळाला (म्हणजे काही गावांच्या गटाला) एक. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, त्यावर पंचनामे, नुकसानभरपाई, सगळं लटकलेलं असतं, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात ओरड असते की मंडळाच्या ठिकाणी चाळीस दाखवला आणि आमच्या शिवारात बांध फुटले. खरं काय ते कुणालाच माहीत नसतं कारण गावात मोजलेलंच नाही. आता शाळेतल्या पर्जन्यमापकाचा आकडा तहसीलदार मान्य करणार नाही हे उघड आहे, मी भाबडी नाही. पण सात-आठ वर्षांची रोजची नोंद हातात असलेलं गाव आणि "लय पाऊस झाला साहेब" एवढंच म्हणणारं गाव यांच्या बोलण्याच्या वजनात फरक पडतोच. शिवाय यात गणित किती आहे बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वर्गाचं छत १० मीटर बाय ६ मीटर, पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटर, तर पाणी किती? ३० हजार लिटर. हे उत्तर आलं की पोरं आपोआप वर छताकडे आणि मग नळाच्या कोरड्या टाकीकडे बघतात, तुम्हाला वेगळं काही बोलावं लागत नाही.

बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघतं, ही फार चांगली कल्पना आहे आणि ज्याला कुणाला सुचली त्याला मनापासून सलाम. पण जिल्हा हाही खूप मोठा पडतो हो. एकट्या पुणे जिल्ह्यात मुळशीचा घाटमाथा तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि इंदापूर-बारामती पाचशेच्या आसपास घुटमळतं. दोन्हीकडच्या पोरांना एकच पुस्तक. त्यामुळे पुस्तक जिथे थांबतं तिथून पुढचं पान शाळेनेच लिहायचं असतं आणि ते पान म्हणजेच नोंदवही.

आता कापसाच्या पट्ट्याकडे येते कारण माझ्या मते सगळ्यात मोठी संधी आपण तिथे वाया घालवतोय. दहावीला आनुवंशिकता व उत्क्रांती असा पहिलाच धडा आहे विज्ञान भाग दोनमध्ये. उत्क्रांती म्हटलं की जिराफाची मान ठरलेली. आणि शाळेच्या कुंपणापलीकडे, अक्षरशः पन्नास पावलांवर, गुलाबी बोंडअळी उत्क्रांत होऊन बसलीये. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा कापूस, आपल्याकडे २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये, आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात या अळीने असा काही हैदोस घातला की शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर घातले. कारण काय? बीटीच्या विषाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या आधीपासून होत्या, बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच प्रजा वाढली. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाणं कशासाठी यायचं? कडेने ते लावायचं, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्या तिथे जगतील आणि दाद न देणाऱ्यांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागेल. आपल्याकडे किती जणांनी ते लावलं? बहुतेकांनी बांधावर फेकलं, कारण दुकानदाराने सांगितलं नाही, कृषी सहाय्यक गावात आला नाही आणि शाळेत तर हा विषयच नव्हता. दहावीच्या पोरांना तेव्हा जिराफाऐवजी ते छोटं पाकीट हातात दिलं असतं तर निदान चार घरांत तरी चर्चा झाली असती.

हे करून बघण्यासारखं आहे. कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा) शेताच्या कडेला लावायचा, रोज सकाळी त्यात किती नर पतंग अडकले ते मोजायचं. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग आले की ती धोक्याची पातळी धरतात. पात्या (कापसाच्या कळ्या) लागल्या की डोमकळ्या शोधायच्या, म्हणजे न उमललेलं, गुलाबासारखं आवळून बसलेलं फूल, ते हळूच उघडलं की आत इवलीशी अळी. एकदा बघितलं की पोरं पुढच्या रांगेत दहा काढून आणतात. अर्थात फवारणी झालेल्या शेतात पाय ठेवायचा नाही, ही अट पहिली. याच कापसावर यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. शेतमजुराच्या घरातल्या पोराला ओझोनच्या थराला किती धोका आहे हे माहीत असतं आणि घरात खाटेखाली ठेवलेल्या डब्यावरच्या त्रिकोणाचा अर्थ माहीत नसतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पोराची नाही, आपली. तेच सापांचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखता येणं आणि चावला तर मांत्रिकाकडे न जाता किती वेळात कुठल्या दवाखान्यात पोचायचं, तिथे लस असते का, हे पर्यावरणाच्याच तासाला यायला हवं. एका मोठ्या अभ्यासानुसार देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार लोक जातात, आणि ते बहुतेक खेड्यातले असतात. शहरातल्या शाळेचं पर्यावरण खेड्यातल्या शाळेला का चालत नाही याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

मग ५ जून येतो. वृक्षारोपण, फोटो, अपलोड. मी झाडांच्या विरोधात नाही बाबांनो, पण काय लावतोय, कुठे लावतोय हे कुणी विचारतं का? गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे, आणि २०१९ ला राज्याचं टार्गेट ३३ कोटी होतं तेव्हा जे रोप नर्सरीत मिळेल ते खड्ड्यात गेलं. त्यातही वाईट म्हणजे खड्डे खणायला गावाला दिसतो तो माळ. सरकारी भाषेत पडीक. पण माळरान ही पडलेली जागा नाहीये, ती तशीच असते, गवताची. पवन्या, मारवेल, कुसळी, त्यावर मेंढरं, त्यावर लांडगा, खोकड, चिंकारा, जमिनीवर घरटं करणारे चंडोल आणि धाविक. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं आणि आता तिथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. माळढोक जाण्याची कारणं बरीच आहेत, पण माळ म्हणजे रिकामी जागा ही समजूत त्यातलं एक नक्की आहे, आणि ती समजूत आपण दर जूनमध्ये शाळेच्या पोरांच्या हातात कुदळ देऊन पक्की करतो.

त्याऐवजी खड्डा खणण्याआधी एक काम करा. चार काठ्या, सुतळी, एक चौरस मीटरची चौकट. आत किती प्रकारची गवतं आहेत मोजा, ऑगस्टमध्ये एकदा आणि फेब्रुवारीत एकदा. नावं माहीत नसतील तर नमुना वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि मेंढ्या राखणाऱ्या माणसाला दाखवा. तो तुम्हाला नावासकट सांगेल की कुठलं गवत शेळी खाते, कुठलं मेंढीला फुलोऱ्याआधी चालतं आणि कुसळं धरली की का चालत नाही. हे ज्ञान कुठल्याही डीएड, बीएडला मिळत नाही, मला तरी मिळालं नाही.

इथे एक नाजूक मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. गावात निसर्गाची माहिती जातीनुसार वाटलेली आहे. गवतं धनगरांना माहीत, मासे भोयांना, मध आणि कंद ठाकर-कातकऱ्यांना, आणि बियाणं साठवायचं कसं ते घरोघरच्या बायांना. ज्यांना सगळ्यात जास्त माहिती त्यांचीच पोरं वर्गात मागच्या बाकावर, कारण पुस्तकाची भाषा त्यांची नाही. परिसराच्या तासाला ती पोरं पहिल्यांदाच वर्गाला काही सांगू शकतात आणि तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण त्याचबरोबर "तू धनगराचा ना, मग तूच सांग गवतं" असं मास्तर म्हणाला की तेच पोरगं परत त्याच खुंट्याला बांधलं जातं. त्याला कदाचित कोडिंग शिकायचंय. म्हणून माहिती आणायला सगळ्या वर्गाने सगळ्या घरी जायचं, पाटलाच्या पोराने मेंढरांच्या वाड्यावर जाऊन गवताची नावं लिहून आणायची. तेवढ्याने जात जाणार नाही, पण कुणाला काय येतं याची किंमत पोरांच्या मनात बदलते.

आणि जुनं ज्ञान म्हणजे सगळं सोनं असंही समजायचं कारण नाही. दर मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड येतात की बहावा भरभरून फुललाय म्हणजे अमुक दिवसांनी पाऊस, टिटवीने अंडी उंचावर घातली म्हणजे पाऊस जास्त, कावळ्याचं घरटं अमुक झाडावर म्हणजे तमुक. काही लोक हे देववाणीसारखं धरतात, काही लोक अंधश्रद्धा म्हणून उडवून लावतात, आणि तपासून कुणीच बघत नाही. शाळेने तपासावं ना! गावातले पाच बहावे ठरवा, पहिलं फूल कधी, निम्मं झाड कधी फुललं, आणि पेरणीलायक पाऊस कधी झाला, एवढंच दरवर्षी लिहा. दहा वर्षांत दहा ओळी होतील. दहा ओळींवर फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही हेही पोरांना तेव्हाच सांगा, कारण किती माहिती पुरेशी हा प्रश्न विज्ञानात सगळ्यात जास्त विचारला जायला हवा आणि शाळेत तो कधीच विचारला जात नाही.

गंमत म्हणजे अशी नोंद ठेवायचा कायदाही आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा, त्यात प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. माधव गाडगीळांनी हा विचार देशात रुजवायला कितीतरी वर्षं घातली, त्यांच्या डोक्यात लोकांनी स्वतः लिहिलेली, सतत वाढत जाणारी वही होती. प्रत्यक्षात काय झालं? वर्षानुवर्षं काहीच नाही, मग राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये राज्यांना दम दिला की ३१ जानेवारी २०२० पर्यंत पूर्ण करा नाहीतर महिन्याला १० लाख भरा, आणि मग जी पळापळ झाली त्यात देशभर लाखोंनी वह्या तयार झाल्या. अनेक ठिकाणी एजन्सीने येऊन, ग्रामसेवकाकडून सह्या घेऊन, शेजारच्या गावची यादी इकडे चिकटवून. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आमच्या गावची नोंदवही दाखवा म्हणून. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात सापडेल, काही ठिकाणी कपाटाची किल्ली सापडणार नाही. हीच वही दरवर्षी सातवी-आठवीच्या पोरांनी तपासून नवीन पानं जोडली तर कायद्याचंही काम होतं आणि शाळेचंही. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दप्तरमुक्त दिवस सांगितलेत, त्यातले चार दिवस याला द्या. वेगळी योजना, वेगळं पोर्टल, वेगळा लोगो काही नको.

आता खरी अडचण. ती वेळेची नाही, साहित्याची नाही, ट्रेनिंगचीही नाही. अमेझॉनचं जंगल तुटतंय असं शिकवलं तर गावात कुणाला राग येत नाही. पण नदीकाठच्या विहिरीची पातळी तीन वर्षं मोजली, आणि वाळू उपसा सुरू झाला त्या वर्षापासून ती खाली गेलेली ग्राफमध्ये दिसली, की शाळा व्यवस्थापन समितीतला कुणीतरी मास्तरांना चहाला बोलावतो. खडी क्रशरची धूळ पानांवर किती बसते हे पोरांनी चिकटपट्टी लावून दाखवलं की फोन येतो. कारखान्याच्या मळीचं पाणी ओढ्यात कुठपर्यंत येतं याचा नकाशा काढला की बदलीची भाषा सुरू होते. आपलं पर्यावरणाचं पुस्तक इतकं गोलमोल का, याचं उत्तर मला इथे दिसतं. दूरचं पर्यावरण निरुपद्रवी असतं.

मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ खेड्यातल्या शाळांत विज्ञान शिकवायचा एक प्रयोग सुरू झाला, होशंगाबाद विज्ञान या नावाने तो ओळखला जातो, पुढे एकलव्य संस्थेने तो वाढवला. पोरं शेतात जाऊन पिकं बघायची, स्वतः प्रयोग करायची, परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला मार्क होते. तीस वर्षं चालला, शेकडो शाळांत पोचला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. कारणं जी दिली ती दिली. मला त्यातून एवढंच दिसतं की चांगला प्रयोगसुद्धा वरच्या एका ऑर्डरने संपतो, जर गावाला तो आपला वाटत नसेल तर.

म्हणून मास्तरांनी आंदोलन करू नये, मोजावं. आरोप करू नये, आकडा लावावा. दर महिन्याचा पाऊस आणि विहिरीची पातळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायची, वर्षातून एकदा ग्रामसभेत पोरांनी वाचून दाखवायची, बस. पुढे काय करायचं ते गावाने ठरवावं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस कमी झाला तर कुठली पिकं घ्यायची ते त्यावरून ठरवतात, शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे. प्रत्येक गावाला तिथल्या पोपटराव पवारांसारखा पुढाकार घेणारा माणूस मिळत नाही हे खरं, पण ताळेबंद मांडायला आधी आकडे लागतात आणि आकडे लिहायला सातवीचं पोरगं पुरतं. काही गावं ते आकडे ऐकून गप्प बसतील. बसू देत. निदान माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

शिक्षकांवर आधीच काय कमी ओझं आहे, हा आक्षेप मला मान्य आहे, मी त्याच ओझ्याखाली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम द्यायचं नाही, तरी रोज ग्रुपवर नवी लिंक येते. त्यामुळे हे काम अजून एक उपक्रम म्हणून आलं तर ते मरणार, फोटोपुरतं उरणार. विज्ञान, भूगोल, गणिताच्या तासातूनच ते व्हायला हवं आणि त्या बदल्यात काहीतरी कमी करायला हवं. घोषवाक्य स्पर्धा, पोस्टर स्पर्धा, प्रतिज्ञा, प्रभातफेरी यातलं निम्मं काढून टाकलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही. पालकांचा आक्षेप वेगळा असतो, पोरगं इंग्लिश आणि स्कॉलरशिपमध्ये मागे पडेल. त्यांना दोष देता येत नाही, त्यांनी शेती करून बघितलीये आणि पोराला त्यातून बाहेर काढायचंय. पण तक्ता वाचणं, आलेख काढणं, सरासरी आणि टक्केवारी, हेच तर स्कॉलरशिपला येतं, फरक एवढाच की इथे आकडे स्वतःच्या विहिरीचे आहेत.

परीक्षा मात्र बदलावी लागेल, त्याशिवाय सगळं हवेत. "जलसंधारणाचे चार उपाय लिहा" याऐवजी "तुमच्या शाळेच्या वहीतल्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदी सोबत जोडा, कुठल्या महिन्यात पातळी सगळ्यात जास्त घटली आणि तुमच्या मते का, ते लिहा" असा एक प्रश्न. याला गाइड निघू शकत नाही, कारण प्रत्येक गावचं उत्तर वेगळं. तपासायला कठीण आहे, हो. केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) दोन शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांचे पेपर तपासले तर जमण्यासारखं आहे.

शेवटची गोष्ट अगदी किरकोळ वाटेल पण माझ्या अनुभवात बहुतेक चांगली कामं इथेच मेली आहेत. बदली. उत्साही सर येतात, पर्जन्यमापक बसवतात, वह्या करतात, चार-पाच वर्षांनी सरांची ऑर्डर निघते, वह्या सरांबरोबर जातात किंवा रद्दीत, आणि नवे सर कोऱ्या पाटीने सुरू करतात. मुख्याध्यापकाचा चार्ज देताना खिचडीची पातेली, बाकं, टीव्ही, वजनकाटा सगळं मोजून, सही घेऊन दिलं जातं. त्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये अजून एक ओळ घाला: पाऊस व विहीर नोंदवही, अमुक सालापासून, पानं अमुक, शेवटची नोंद अमुक तारखेची. नवीन येणाऱ्याने ती बघून, शेवटच्या नोंदीखाली सही करून ताब्यात घ्यायची.